भिंतीवर पाचच जागा : नाशिकचे थोर खेळाडू निवडताना

पंचवटीतल्या एका जुन्या व्यायामशाळेने मागच्या अंगणातली पत्र्याची शेड पाडून तिथे पक्का हॉल बांधला. खाली कुस्तीची मॅट, वरच्या मजल्यावर बुद्धिबळ आणि कॅरमची खोली, बाहेर क्रिकेटची जाळी. बांधकामाला ज्यांनी मोठी देणगी दिली त्यांची एकच इच्छा होती : हॉलच्या लांब भिंतीवर नाशिकच्या सर्वांत थोर खेळाडूंची चित्रं काढावीत. दोन खिडक्या आणि एक दार सोडलं तर त्या भिंतीवर पाच चौकटी बसतात. पाच हा आकडा असा भिंतीनेच ठरवला.

निवडीसाठी सात जणांची समिती झाली. तीत एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो. क्रिकेटची जाळी सांभाळणारे सर. तालमीतले वस्ताद. बँकेतून निवृत्त झालेले खजिनदार काका. सायकलवेडा एक तरुण अभियंता. चांदवडहून येऊन पंचवटीत स्थायिक झालेले औषध दुकानदार. आणि चिटणीस म्हणून मी. कोणत्याही शाळेत, मंडळात, गावच्या वाचनालयात असा प्रश्न उद्या उभा राहू शकतो, म्हणून आमचं भांडण आणि त्यातून निघालेली वाट तपशिलात लिहितो आहे.

पहिली यादी

पहिल्या बैठकीत प्रत्येकाने आपापली नावं आणली. बाईंनी कविता राऊत, संजीवनी जाधव आणि मोनिका आथरे ही तीन नावं एका दमात सांगितली, तिघीही लांब पल्ल्याच्या धावपटू. सरांनी कसोटीपटू बापू नाडकर्णी म्हटलं आणि गप्प बसले, जणू पुढे काही सांगायची गरजच नाही. वस्तादांनी हर्षवर्धन सदगीर सुचवला. मूळचा अकोले तालुक्यातला हा मल्ल नाशिक जिल्ह्याकडून उतरला आणि जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरी झाला. अभियंत्याने डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंचं नाव घेतलं. २०१५ साली दोघांनी मिळून अमेरिकेचा एक किनारा ते दुसरा किनारा अशी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ८ दिवस, १४ तास, ५५ मिनिटांत पुरी केली. औषधवाले म्हणाले, नौकानयनातला दत्तू भोकनळ. काका म्हणाले, नेमबाज स्वप्निल कुसाळे. मी बुद्धिबळातल्या विदित गुजराथीचं नाव लिहून आणलं होतं.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. ‘नाशिकचा अभिमान’, ‘जगात नाव केलं’, ‘असा पुन्हा होणार नाही’. प्रत्येक जण आपल्या माणसाला विशेषणं चढवत गेला आणि समोरच्याच्या माणसाची उतरवत गेला. क्रिकेटवाले म्हणणार कसोटीपेक्षा मोठं काही नाही. कुस्तीवाले म्हणणार मातीतला खेळ तो खरा. बुद्धिबळाला खेळ म्हणावं का, इथपर्यंत गाडी गेली. वेगवेगळ्या खेळांतली माणसं एकमेकांशी मोजता येत नाहीत हे कबूल, पण मोजायचंच नाही म्हटलं तर चिठ्ठ्या टाकाव्या लागतात, आणि ते कुणालाच मान्य नव्हतं.

वाट काढली बाईंनी. त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक चित्राखाली एक ओळ लिहायची आहे. ती ओळ आत्ताच लिहा. तीत त्या माणसाने काय केलं एवढंच सांगायचं, विशेषण एकही वापरायचं नाही. सातवीतल्या मुलाने उभ्याउभ्या वाचली तर त्याला कळली पाहिजे. ज्याची ओळ विशेषणाच्या आधाराशिवाय उभी राहत नाही, त्याचं चित्र काढायचं नाही.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच. तोवर आम्ही माणसं तोलत होतो, त्यानंतर कामं तोलायला लागलो. पुढच्या बैठकीला सगळे वही घेऊन आले. एरवी कधी आकड्यांच्या वाटेला न जाणारे वस्तादसुद्धा सदगीरच्या अंतिम कुस्तीचे गुण लिहून घेऊन आले.

नाशिक म्हणजे कुठवर?

ओळी लिहिताना दुसरा प्रश्न उभा राहिला. देणगीदारांनी ‘नाशिकचे’ म्हटलं होतं. काकांनी लगेच विचारलं, शहराचे की जिल्ह्याचे? महापालिकेची हद्द धरली तर कविता राऊत हरसूलकडच्या सावरपाड्याची. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. संजीवनी चांदवडकडची. शहराच्या हद्दीतला म्हणावा असा आमच्या यादीत विदित, महाजन बंधू आणि जन्माने नाडकर्णी. बाकी सगळे बाहेरचे.

इथे बाईंचा आवाज चढला. त्यांनी सगळी नोकरी मैदानावर काढली आहे आणि त्यांना ठाऊक आहे की नाशकातल्या मैदानांवर पहाटे कोण पळतं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, कळवण, दिंडोरीकडून आलेली पोरं पळतात. वसतिगृहात राहतात, नाहीतर नातेवाइकांकडे, सणाला एसटीने घरी जातात. गेल्या पंचवीस वर्षांत अॅथलेटिक्समध्ये नाशिकचं जे नाव झालं त्यातलं बहुतेक या पाड्यांवरच्या मुलांनी केलं. शहराने त्यांना मैदान दिलं, प्रशिक्षक दिला, शर्यतीचे बूट दिले. त्यांनी शहराला नाव दिलं. ‘नाव घेताना नाशिकचं म्हणायचं आणि भिंतीवर चढवताना हद्द दाखवायची, हे मला चालणार नाही,’ असं त्या म्हणाल्या, आणि कुणी विरोध केला नाही.

कविताच्या बाबतीत तर हे नातं बोटाने दाखवता येतं. सावरपाड्यातून ती नाशकात आली, भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर विजेंदर सिंग यांच्या हाताखाली तयार झाली. तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणतात ते पाड्याच्या नावाने, पण त्या गाडीचं स्टेशन नाशिक आहे. तेव्हा आमचा नियम असा ठरला : जन्म किंवा घडण, दोन्हींपैकी एक तरी जिल्ह्यातलं हवं, आणि ते गाव, शाळा किंवा मैदान असं जागेवर नेऊन दाखवता आलं पाहिजे. हा नियम तेव्हा फार सोपा वाटला. पाचव्या जागेवर त्यानेच आम्हाला अडवलं.

कहाणी आणि कामगिरी

ओळी लिहून आल्या तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. विदितच्या ओळीत स्पर्धा आणि साल होतं. कविता आणि दत्तूच्या ओळीत मात्र गरिबी होती. ‘अनवाणी धावत’, ‘पाण्यासाठी पायपीट करत’, ‘विहिरी खोदणाऱ्या बापाचा मुलगा’. दत्तूची आई कोमात असताना तो रिओला गेला होता, तेही एकाने घातलं होतं. सगळं खरं. वाचताना घशात आवंढा येतो. पण त्या ओळींत पदकाला आणि वेळेला जागाच उरली नव्हती.

यावर आम्ही बराच वेळ बोललो आणि मला तो वेळ सत्कारणी लागला असं वाटतं. आदिवासी किंवा शेतकऱ्याच्या घरातला खेळाडू म्हटलं की आपण त्याची कहाणी सांगतो, डॉक्टरच्या घरातला म्हटलं की त्याची कामगिरी. विदितचे आईवडील दोघेही डॉक्टर, म्हणून त्याच्या ओळीत त्यांच्या दवाखान्याबद्दल लिहावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. कविताच्या घरची परिस्थिती मात्र सगळ्यांना आधी आठवली. हालअपेष्टा ही पात्रता नाही आणि सुखवस्तू घर ही अपात्रता नाही. ओळ दोघांचीही सारखीच लिहायची : काय केलं, कुठे, कधी. बाकीचं ज्याला कळून घ्यायचं तो विचारेल, सांगायला व्यायामशाळेत माणसं आहेत.

मग कविताची ओळ अशी झाली : ‘१०,००० मीटर, ३३ मिनिटं ०५.२८ सेकंद. कांस्य, राष्ट्रकुल स्पर्धा, दिल्ली २०१०. राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला.’ १९५८ साली कार्डिफला मिल्खा सिंगांनी ४४० यार्डांत सुवर्ण जिंकलं, त्यानंतर राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर भारताला वैयक्तिक पदक मिळालं ते थेट हे. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने १०,००० मीटरला रौप्य आणि ५,००० मीटरला कांस्य मिळवलं, दोन्ही वेळा प्रीजा श्रीधरनच्या पाठोपाठ. २०१२ मध्ये अर्जुन पुरस्कार, २०१६ ला रिओमध्ये मॅरेथॉन. एवढं सगळं ओळीत मावत नाही आणि मावायला नकोही.

ती ओळ मुलांना कळते का हे बघायला बाईंनी एक प्रयोग केला, तो मी जवळून पाहिला. दहा हजार मीटर म्हणजे चारशेच्या ट्रॅकवर पंचवीस फेऱ्या. ३३ मिनिटं पाच सेकंदांत त्या पुऱ्या करायच्या तर एक फेरी साधारण ७९ सेकंदांत. बाईंनी आमच्या संध्याकाळच्या बॅचमधल्या आठवी-नववीच्या मुलींना ट्रॅकवर नेलं, शिट्टी आणि स्टॉपवॉच घेतलं आणि सांगितलं, कविताताईच्या वेगाने पळा, जितक्या फेऱ्या जमतील तितक्या. पहिली फेरी सगळ्यांनी हसत काढली. दुसऱ्या फेरीत बडबड थांबली. तिसऱ्या फेरीच्या वळणावर बहुतेक जणी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. एकीने धापा टाकतच विचारलं, ‘बाई, अजून किती राहिल्या असत्या?’ बाईंनी उत्तर दिलं आणि ती पोरगी ट्रॅककडे नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटेच्या बॅचला येते. ‘अनवाणी’ या शब्दाने हे झालं नसतं.

दत्तूच्या ओळीला माझ्या मते अजून कुणी पुरता न्याय दिलेला नाही. २०१२ साली तो सैन्यात गेला, खडकीच्या बॉम्बे इंजिनीअर ग्रुपमध्ये वल्हं हातात धरलं, आणि २०१६ मध्ये रिओत एकेरी स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी नाव वल्हवायच्या शर्यतीत, भारताचा एकमेव नौकानयनपटू म्हणून उतरला. एकूण १३वा आला. त्याआधी या प्रकारात कुणा भारतीयाने ऑलिंपिकमध्ये इतका वरचा क्रमांक मिळवला नव्हता. ‘पदक नाही, तेरावा क्रमांक, त्याचं चित्र काढायचं?’ असं काका म्हणाले. त्यावर औषधवाल्यांनी २०१८ ची गोष्ट सांगितली. पालेम्बांगला आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम शर्यतीत दत्तू आजारी अंगाने वल्हवत शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या क्वाड्रपल स्कल्समध्ये बसला आणि भारताने सुवर्ण जिंकलं. काकांनी हात वर केले. ओळ लिहिताना आम्ही दोन्ही निकाल ठेवले, शेवटचा क्रमांकसुद्धा. आदल्या दिवशी हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी जिंकू शकतो हे मुलांनी निकालातच वाचावं.

विदितबद्दल वाद झाला तो ‘बसून खेळायचा खेळ’ एवढ्यापुरता, आणि तो लवकर मिटला. त्याचं श्रेय ओळीलाच. २००८ साली चौदा वर्षांखालील जगज्जेता. २०१३ मध्ये ग्रँडमास्टर. २०१७ मध्ये २७०० गुणांकन पार करणारा चौथा भारतीय. २०२३ ला आइल ऑफ मॅनवर ग्रँड स्विस स्पर्धेत पहिलाच डाव हरला आणि तिथून ११ पैकी ८.५ गुणांपर्यंत जाऊन ती स्पर्धाच जिंकली. त्यामुळे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या २०२४ च्या कॅन्डिडेट्स स्पर्धेत पोहोचला, तिथे हिकारू नाकामुराला दोनदा हरवलं. त्याच वर्षी बुडापेस्टला ऑलिंपियाडचं सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. वस्तादांनी ही यादी ऐकली आणि म्हणाले, ‘पहिली कुस्ती हरून फड मारला म्हणा की.’ विदित एकमताने आत गेला.

चौथी जागा, जी मागाहून सुचली

पहिल्या यादीत नसलेलं एक नाव बाईंनी दुसऱ्या बैठकीत आणलं. दिलीप गावित, सुरगाणा तालुक्यातल्या तोरणडोंगरीचा. लहानपणी झाडावरून पडला, उजवा हात कोपराखाली काढावा लागला. नाशकात येऊन तयार झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत टी-४७ या, एका हातात दिव्यांगत्व असलेल्या धावपटूंच्या, गटात ४०० मीटर ४९.४८ सेकंदांत पळून सुवर्ण जिंकलं. त्या स्पर्धेतलं भारताचं ते शंभरावं पदक. पुढच्या वर्षी पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये तो अंतिम फेरीत होता.

समितीतल्या एकाने सुचवलं की दिव्यांग खेळाडूंसाठी दाराजवळ वेगळा फलक करू. हेतू वाईट नव्हता. पण बाईंनी विचारलं, या व्यायामशाळेतला, दोन्ही हात धडधाकट असलेला कुठला मुलगा चारशे मीटर पन्नास सेकंदांच्या आत पळतो ते सांगा, मग वेगळ्या फलकाचं बघू. कुणी नाव सांगू शकलं नाही. चारशेच्या वळणावर शरीर आत झुकतं तेव्हा दोन्ही हातांच्या झोताने तोल राखला जातो. सुरुवातीला खाली वाकून दोन्ही हातांची बोटं टेकवून उसळी घेतात. हे सगळं एका हाताने जमवायचं, हा भाग धावण्याच्या कौशल्याचाच आहे, दया दाखवण्याचा नाही.

त्याच्या ओळीत अपघात लिहायचा की नाही यावर मात्र दोन मतं होती. मी म्हणालो, नको, कविताला जो नियम तोच दिलीपला. बाई म्हणाल्या, ‘टी-४७’ लिहायचं, कारण तो स्पर्धेचा गट आहे, कहाणी नाही. तसंच केलं. आता मुलं येऊन विचारतात, टी-४७ म्हणजे काय. त्यांना उत्तर देताना खेळाबद्दलच बोलावं लागतं.

पाचवी जागा

इथपर्यंत सगळं रेटून नेता आलं. पाचव्या जागेवर बापू नाडकर्णी आणि स्वप्निल कुसाळे समोरासमोर आले, आणि आमच्या नियमाची खरी परीक्षा झाली.

नाडकर्णी ४ एप्रिल १९३३ ला नाशकात जन्मले. पण विद्यापीठाचं क्रिकेट पुण्याचं, रणजी आधी महाराष्ट्राकडून आणि मग मुंबईकडून, आयुष्य मुंबईत. नाशकात नेऊन दाखवावं असं त्यांचं मैदान आम्हाला सांगता येईना. कुसाळेचं बरोबर उलटं. जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून तो नेमबाजीत आला आणि नाशिकच्या भोसला सैनिकी शाळेत शिकला. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य. या प्रकारात भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक, आणि १९५२ च्या हेलसिंकीत खाशाबा जाधवांनंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारा महाराष्ट्राचा पहिला खेळाडू. एकाचा जन्म इथला, दुसऱ्याची शाळा इथली. ‘दोन्हींपैकी एक’ हा नियम दोघांनाही आत घेत होता आणि जागा एक होती.

औषधवाल्यांचं म्हणणं, कोल्हापूर स्वतःच्या भिंतीवर कुसाळेला लावणारच, आपण कशाला हात पसरायचा? काकांनी त्यांना चांगलं पकडलं : सावरपाड्याहून शिकायला आलेली पोरगी आपली, मग कांबळवाडीहून शिकायला आलेला पोरगा का नाही? एसटीच्या तिकिटाचे पैसे जास्त लागले म्हणून? या प्रश्नाला सरळ उत्तर कुणाकडेच नव्हतं. कविता जिल्ह्याचीच आहे हे उत्तर हद्दीचं झालं, आणि हद्द मोजायची नाही असं तर आम्हीच ठरवलं होतं.

नाडकर्णींच्या ओळीलाही काकांनी सोडलं नाही. ओळ अशी होती : ‘३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा. त्यात सलग २१ षटकं निर्धाव. इंग्लंडविरुद्ध, मद्रास, जानेवारी १९६४.’ काकांनी विचारलं, बळी किती? शून्य. सामना? अनिर्णित. मालिका? पाचही सामने अनिर्णित. मग हा पराक्रम कसला, धावा अडवण्याचा?

सरांनी शांतपणे उत्तर दिलं. त्याच मालिकेत कानपूरला भारतावर फॉलोऑनची वेळ आली तेव्हा नाडकर्णींनी पहिल्या डावात नाबाद ५२ आणि दुसऱ्या डावात नाबाद १२२ केल्या. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाविरुद्ध मद्रासला ३१ धावांत ५ आणि ९१ धावांत ६ बळी घेतले. ४१ कसोटींत ८८ बळी, १४१४ धावा, आणि संपूर्ण कारकिर्दीत षटकामागे दिलेल्या धावा १.६७. मद्रासच्या त्या डावात १३१ चेंडू ओळीने एकही धाव गेली नाही. समोर बोलस आणि बॅरिंग्टनसारखे फलंदाज होते. त्यांना मारायला काय आवडलं नसतं? पण मारायला चेंडू मिळाला तर ना.

आणि मग सर आम्हा सगळ्यांना खाली जाळीत घेऊन गेले. नाडकर्णी खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर टप्पा पाडायचा सराव करायचे, हे क्रिकेटवाल्यांत प्रसिद्ध आहे. सरांनी खिशातून दहा रुपयांचं नाणं काढलं, गुड लेंग्थवर, ऑफ स्टंपच्या रेषेत ठेवलं, आणि जाळीतल्या फिरकीवाल्या पोरांना म्हणाले, मारा. पहिल्याचा चेंडू हातभर पुढे पडला. दुसऱ्याचा लेग स्टंपकडे गेला. एक चुणचुणीत डावखुरा मुलगा आहे, त्याचे दोन चेंडू नाण्याच्या इतके जवळून गेले की माती उडून नाण्यावर पडली, पण नाणं हललं नाही. अर्धा तास झाला, चेंडू टाकणाऱ्यांची रांग वाढत गेली, वरच्या मजल्यावरची बुद्धिबळाची पोरंसुद्धा खाली उतरली. शेवटी त्या डावखुऱ्याचाच एक चेंडू नाण्याच्या कडेला लागला आणि ते टणकन उडून जाळीवर आदळलं. पोरांनी आरडाओरड केली. सर म्हणाले, ‘आता हे ओळीने एकशे एकतीस वेळा.’

तिथून वर आल्यावर मतदान झालं. नाडकर्णींना चार, कुसाळेला तीन. माझं मत कुसाळेला होतं आणि आजही माझं मत तेच आहे. शहर खेळाडूला जन्म देतं त्यात शहराचं कर्तृत्व काही नसतं, मैदान आणि शाळा देतं त्यात असतं. शिवाय एक खेळाडू दोन गावांच्या भिंतींवर असला तर दोन्ही गावं खोटी ठरत नाहीत. सावरपाड्याने उद्या कविताचं चित्र काढलं तर आपण आपलं पुसणार आहोत का? हे मी इतिवृत्तात लिहून ठेवलं आहे. पण चार मतांमागचं कारणही मला मान्य आहे. आमच्या व्यायामशाळेत रायफल नाही, रेंज नाही. चेंडू आणि नाणं आहे. नाडकर्णींची ओळ आमच्या पोरांना दुसऱ्या दिवशी पहाटे करून बघता येते.

जे राहिले

महाजन बंधू थोडक्यात राहिले. त्यांच्यामुळे नाशकात सायकलचं वेड पसरलं आणि त्यांच्यानंतर दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, त्या वेळी नाशिकमध्ये असलेल्या लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. अशी एकेरी मजल मारणारे ते पहिले भारतीय. अभियंत्याला वाईट वाटलं, पण भिंत मान्य करून त्याने हॉलच्या मागच्या बाजूला सायकल स्टँडजवळ या तिघांचा फलक स्वखर्चाने लावायचं कबूल केलं. सदगीरचा फोटो तालमीत आधीपासूनच आहे, वस्ताद म्हणाले तो तिथेच शोभतो.

मुलींचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. पाचांत एकच महिला. बाईंनी चौकट पूर्ण झाल्यावर हे सगळ्यांसमोर सांगितलं, आणि त्यांचं म्हणणं असं होतं की पाचव्या जागेसाठी आम्ही दोन पुरुषांना झुंजवलं तेव्हा संजीवनीचं नाव टेबलावर असूनही कुणी उचललं नाही. २०१७ मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिने १०,००० मीटरचं रौप्य जिंकलं, त्याच वर्षी भुवनेश्वरला आशियाई अजिंक्यपदात ५,००० मीटरचं कांस्य. मोनिका आथरे त्याच वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. सिन्नरची माया सोनवणे आपल्या वेगळ्याच शैलीच्या लेगस्पिनच्या जोरावर २०२२ मध्ये महिलांच्या टी-२० चॅलेंजमध्ये खेळली. या तिघींच्याही ओळी विशेषणाशिवाय उभ्या राहतात. बाईंचं म्हणणं खरं आहे, आणि ‘नियमात बसलं नाही’ असं म्हणून ते टाळता येत नाही, कारण नियम त्यांच्याही बाजूचा होता.

समितीने दोन ठराव केले. भिंत दर पाच वर्षांनी पुन्हा रंगवायची आणि रंगवण्याआधी पाचही जागा नव्याने खुल्या करायच्या, कुणाचंही चित्र कायमचं नाही. आणि पुढच्या खेपेला पहिली बैठक मुलींच्या नावांनी सुरू करायची, तिला व्यायामशाळेतल्या मोठ्या बॅचच्या दोन मुलींना मतासह बसवायचं. काकांनी कुसाळेचं नाव त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आत्ताच लिहून घेतलं आहे, आणि मी त्याखाली अनुमोदक म्हणून सही केली आहे.